घरबसल्या कॉकपिट : फ्लाइट सिम्युलेशनची चॅनेल्स कशी पारखावीत?



विमान उडवायला लायसन्स लागतं, मेडिकल लागतं आणि घरच्यांची लाखो रुपये मोजायची तयारी लागते. दुसरा कोणी विमान उडवत असताना त्याच्या खांद्यावरून डोकावून बघायला मात्र नुसतं इंटरनेट पुरतं. यूट्यूबवर 'फ्लाइट सिम्युलेटर' एवढे दोनच शब्द टाकून बघा. व्हिडिओंचा अक्षरशः पूर येतो! 'इम्पॉसिबल लँडिंग', 'जगातला सर्वांत डेंजरस एअरपोर्ट', 'वादळात सापडलेलं जम्बो' वगैरे वगैरे. आणि याच ढिगाऱ्यात कुठेतरी खाली एखादा खराखुरा वैमानिक ड्यूटी संपवून घरी आल्यावर दोन-दोन तास शांतपणे सांगत असतो, की एअरबसचं इंजिन सुरू करण्याआधी अमुक बटण का दाबायचं. हा माणूस पहिल्या पानावर दिसत नाही. त्याला शोधावं लागतं. कसं शोधायचं, आणि सापडला तर तोच तो हे ओळखायचं कसं, हा या लेखाचा विषय.

आधीच सांगून टाकते, नुसती मजा म्हणून बघायला माझी अजिबात हरकत नाही. एअरफोर्सप्राउड९५ नावाचं एक चॅनेल आहे. २००६ साली आलेल्या जुन्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स'च्या मल्टिप्लेअरमध्ये घुसून तिथल्या लोकांशी चेहरा (म्हणजे आवाज) अगदी गंभीर ठेवून जो काही धिंगाणा तो घालतो, त्याने हसून हसून पोट दुखतं. पण तो आपण काही शिकवतोय असा आव कधी आणत नाही, त्यामुळे त्याच्यापासून धोका नाही. धोका आहे तो शिक्षकाचा कोट घालून आलेल्या विदूषकापासून.

कारण सिम्युलेटरचं चित्र आता फार सुंदर झालंय. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला आणि उपग्रहाच्या फोटोंवरून बनवलेली सगळी पृथ्वी इंटरनेटवरून थेट स्क्रीनवर येऊ लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली. काचेवरून ओघळणारे पावसाचे थेंब, पहाटेचं धुकं, सगळं हुबेहूब. फळ्यावर खडूने काढलेली आकृती बघताना ती आकृती आहे हे आपल्याला माहीत असतं. इथे मात्र अंदाज आणि सत्य दोन्ही तेवढ्याच देखण्या चित्रात दिसतात. बरोबर प्रोसिजरही सुंदर दिसते आणि शंभर टक्के चुकीचीही तेवढीच सुंदर दिसते! म्हणून माझा नियम एकच : चित्राकडे बघून चॅनेल ठरवायचं नाही. उडवणारा माणूस प्रत्येक गोष्टीचं कारण सांगतो का, आणि ते कारण आपल्याला दुसरीकडे तपासता येतं का, हे बघून ठरवायचं.

हे एवढं महत्त्वाचं का, तर १२ जून २०२५ आठवा. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ टेक-ऑफनंतर काही सेकंदांतच मेडिकल कॉलेजच्या इमारतींवर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, असे एकूण २६० जण गेले. त्यात आपल्या महाराष्ट्रातले प्रवासी आणि कर्मचारीही होते. ढिगारा अजून उचलला गेला नव्हता आणि 'अपघात असा झाला' म्हणून सिम्युलेटरवर करून दाखवणारे व्हिडिओ फिरायला लागले. बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट जोरात होती, ती म्हणजे चाकं वर घ्यायच्या ऐवजी वैमानिकाने चुकून फ्लॅप्स वर घेतले, किंवा फ्लॅप्स लावायलाच विसरले. विमानाच्या पंखामागचे हे पट्टे आत घेतले की कमी वेगात लिफ्ट कमी पडते, त्यामुळे ही गोष्ट ऐकायला अगदी तर्कशुद्ध वाटायची.

मग १२ जुलै २०२५ ला एएआयबीचा, म्हणजे अपघात तपास करणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेचा, प्राथमिक अहवाल जाहीर झाला. अवशेषांमध्ये फ्लॅपचा दांडा ५ अंशांवर सापडला होता, म्हणजे टेक-ऑफला असायला हवा तिथेच. रेकॉर्डरमध्ये दिसत होतं ते वेगळंच : दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले होते. का गेले, कसे गेले, याचा निवाडा त्या अहवालाने केला नाही. पण फ्लॅपवाली गोष्ट एचडीमध्ये, संगीतासकट, लाखो लोकांच्या डोक्यात आधीच जाऊन बसली होती. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही आणि त्याच्या घरच्यांना तो व्हिडिओ फॉरवर्ड होऊन येतोच. हा विषय नुसता टाइमपासचा नाही असं मला वाटतं, ते यामुळे.

तेव्हा अपघातावरचा कुठलाही व्हिडिओ उघडला की आधी त्याची तारीख बघायची. अधिकृत अहवालाच्या आधीचा आहे की नंतरचा? नंतरचा असेल, तर अहवालात काय लिहिलंय आणि आपलं मत काय, हे बनवणारा वेगळं करून सांगतो का? या बाबतीत मला 'मेंटॉर पायलट' हे चॅनेल आवडतं. ते चालवणारे पेटर हॉर्नफेल्ट हे स्वीडिश गृहस्थ बोइंग ७३७ चे वैमानिक आणि प्रशिक्षक. सिम्युलेटरची दृश्यं ते वापरतात, पण ती फळ्यासारखी. खरा भर त्या क्षणी वैमानिकांना काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, आणि म्हणून त्यांनी तसं का केलं, यावर असतो.

पारखायला एक छान केस देते. १ जून २००९, एअर फ्रान्स ४४७, रिओहून पॅरिसला जाणारं एअरबस ए-३३०. वेग मोजणाऱ्या पिटॉट नळ्यांत बर्फाचे कण साठले, वेगाचे आकडे बिनसले, ऑटोपायलट सुटला. वैमानिकाने नाक वर ओढलं, विमान सुमारे ३८ हजार फुटांपर्यंत चढलं आणि स्टॉल होऊन समुद्रात कोसळलं. २२८ जण गेले. 'वैमानिकाने स्टिक मागे ओढून धरली' एवढंच सांगणारे व्हिडिओ ढिगाने मिळतील. पण जुलै २०१२ च्या फ्रेंच अंतिम अहवालात एक अशी गोष्ट आहे की आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी जागेवर उठून बसावं. विमान इतक्या विचित्र कोनात पडत होतं की मोजलेला वेग ६० नॉट्सच्या खाली गेला. तेवढ्या कमी वेगात कोनाचा सेन्सर भरवशाचा नाही असं समजून कॉम्प्युटरने ते आकडे बाद केले आणि स्टॉलचा इशारा बंद झाला. मग वैमानिकाने नाक खाली केलं, म्हणजे बरोबर गोष्ट केली, की आकडे पुन्हा ग्राह्य धरले जायचे आणि इशारा पुन्हा बोंबलायला लागायचा! चुकीचं केलं की शांतता, बरोबर केलं की आरडाओरड. आता तुम्हीच सांगा, अंधारात, वादळात, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने काय समजायचं? या अपघातावरच्या व्हिडिओत ही ६० नॉट्सची भानगड आहे का ते बघा. असेल तर बनवणाऱ्याने अहवाल वाचलाय असं समजायला हरकत नाही.

असो. अपघात पुरे झाले, आता उडवण्याकडे येऊ.

मुळात सिम्युलेटर हा खेळ म्हणून जन्मालाच आला नाही. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करायचा. चर्चमध्ये वाजतो तो ऑर्गन. त्याला हवा पुरवणारे भाते असतात ना, तेच भाते वापरून त्याने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डुलणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रांमध्ये करमणूक म्हणूनही विकलं गेलं. पुढे १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याला टपाल विमानाने नेण्याचं काम मिळालं आणि खराब हवेत वैमानिक भराभर मरायला लागले, तेव्हा सैन्याने ही यंत्रं विकत घेतली. झाकण बंद करून आत बसवायचे आणि फक्त काटे बघून उडवायला शिकवायचे. कारण ढगात शिरल्यावर माणसाचा कान, पोट, सगळं शरीर खोटं बोलतं. काटा बहुतेक वेळा खरं बोलतो.

सिम्युलेटरचे व्हिडिओ बघतानाही हेच करायचं. खिडकीबाहेरचा सूर्यास्त सोडा, काट्यांकडे बघा. आधुनिक जेटमध्ये वैमानिकाच्या समोर एक मुख्य पडदा असतो. मध्ये निळं आकाश आणि तपकिरी जमीन, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, तिच्या शेजारी चढ-उताराचा दर, खाली दिशा. मधलं चित्र दाखवतं तो 'अ‍ॅटिट्यूड', म्हणजे विमानाचं नाक आणि पंख क्षितिजाच्या मानाने कसे आहेत ते. (आपल्या कॉलेजात हा शब्द वेगळ्या अर्थाने आणि फार सढळ हाताने वापरतात, तो हा नाही!) सगळ्यात वर एका ओळीत छोटी हिरवी-निळी अक्षरं असतात, त्यांना एफएमए म्हणतात. ऑटोपायलट या क्षणी नक्की काय करतोय ते तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही बटण दाबलं म्हणजे विमानाने ऐकलंच असं नाही, ऐकलं की नाही ते या ओळीत कळतं. चांगल्या चॅनेलवरचा माणूस बटण दाबतो आणि लगेच ही ओळ मोठ्याने वाचून दाखवतो. मी तर चॅनेल नवीन असलं की आधी हेच ऐकते. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला आपण जो फीडबॅक लूप काढतो ना, तो इथे माणसासकट पूर्ण होताना दिसतो.

माझी आवडती परीक्षा मात्र दुसरीच : पॉज करा आणि गणित करा.

प्रवासी विमान धावपट्टीकडे साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं. ३ अंशांचा टॅन ०.०५२४. एक सागरी मैल म्हणजे ६०७६ फूट. गुणाकार केला की मैलामागे ३१८ फूट. म्हणजे हजार फूट खाली यायला जवळजवळ ३ मैल लागतात. वैमानिकांचा तोंडी हिशोब इथूनच येतो : उंची हजारांत घ्या, तिला ३ ने गुणा, तेवढे मैल आधी उतरायला सुरुवात करा. ३५ हजार फुटांवर असाल तर १०५ मैल, वर वेग कमी करायला आणखी दहाएक. १०५ सागरी मैल म्हणजे सुमारे १९४ किलोमीटर. सरळ रेषेत मुंबई-पुणे अंतर साधारण १२०. म्हणजे पुण्यावरून मुंबईला येणाऱ्या त्या विमानाचं उतरणं पुणं यायच्या आधीच सुरू व्हायला हवं. व्हिडिओत विमान ४० मैलांवर असताना अजून ३० हजार फुटांवर दिसलं आणि उडवणारा काहीच बोलत नसेल, तर पुढे काय कसरत होणार ते आपल्याला आत्ताच कळतं.

दुसरा हिशोब उतरण्याच्या दराचा. जमिनीवरचा वेग नॉट्समध्ये घ्या, अर्धा करा, पुढे एक शून्य लावा. १४० चे अर्धे ७०, शून्य लावलं की मिनिटाला ७०० फूट. नेमका आकडा काढाल तर १४० नॉट्स म्हणजे मिनिटाला २.३३ मैल, गुणिले ३१८, उत्तर सुमारे ७४३. फरक सहा टक्क्यांच्या आत. कॉकपिटमध्ये कॅल्क्युलेटर काढायला वेळ नसतो, तिथे एवढं पुष्कळ झालं. आता कुठलाही लँडिंगचा व्हिडिओ हजार फुटांवर थांबवा, वेग बघा, दर बघा. मिनिटाला हजार फुटांपेक्षा जास्त दराने खाली येत असेल तर ते लँडिंग 'अनस्टेबल' आहे आणि पुन्हा वर जायला हवं, असा विमान कंपन्यांचा सर्वसाधारण दंडक. व्हिडिओतला माणूस तसाच रेटून उतरला आणि वर 'परफेक्ट लँडिंग' असं शीर्षक दिलं, तर चॅनेल बंद करा!

हाच घोळ 'बटर लँडिंग'चा. लोण्यासारखं अलगद टेकवायचं, दर मिनिटाला ५०-६० फूट, की सगळे टाळ्या वाजवतात. पण अलगद टेकवण्याच्या नादात विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. १४० नॉट्स म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. पाच सेकंद तरंगलं की ३६० मीटर धावपट्टी मागे गेली, ती परत मिळत नाही. ओल्या धावपट्टीवर तर जरा ठामपणे, ठरलेल्या जागीच टेकवणं हे चांगलं लँडिंग. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या विमानतळावर भर पावसात, मागून वारा असताना एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान २७०० मीटरच्या धावपट्टीवर जवळजवळ अर्ध्यावर टेकलं आणि पुढच्या टोकावरून खाली गेलं. १९० पैकी २१ जण गेले. एएआयबीचा अंतिम अहवाल २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर झाला. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता आणि सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटलं होतं, हे दोन्ही त्यात आहे. तो अहवाल नेटवर फुकट मिळतो. एकदा तो वाचा आणि मग बटरवाले व्हिडिओ बघा. टाळ्या वाजवाव्याशा वाटणार नाहीत.

या परीक्षांना उतरणारी चॅनेल्स आहेत का? आहेत की. '३२० सिम पायलट' आणि '७३७ एनजी ड्रायव्हर' ही दोन नावं मी डोळे मिटून सांगेन. पहिला खऱ्या आयुष्यात ए-३२० चा वैमानिक, दुसरा ७३७ चा. सिम्युलेटरमध्ये जी विमानं ते वापरतात तीही साधी नव्हेत : ए-३२० साठी फेनिक्स, ७३७ साठी पीएमडीजी, म्हणजे आतल्या हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रिकल सिस्टिम्ससकट बनवलेली. (पैसे नसतील, आणि आपल्याकडे नसतातच, तर फ्लाय-बाय-वायर नावाच्या ग्रुपचं ए-३२० फुकट आणि ओपन सोर्स आहे.) लाइव्ह स्ट्रीमची मजा अशी की तिथे एडिटिंग नसतं. वारा फिरला, उंची जास्त राहिली, तर माणूस हजारो लोकांसमोर सरळ गो अराउंड करतो आणि का केलं ते सांगतो. ज्या चॅनेलवर दोन वर्षांत एकही गो अराउंड दिसत नाही, त्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता जरा कान टवकारा. व्हॅटसिम नावाचं एक जाळं २००१ पासून आहे. त्यात सिम्युलेटरवाले एकमेकांना दिसतात आणि स्वयंसेवक कंट्रोलर बनून हेडफोन लावून खऱ्यासारखे आदेश देतात, आपल्या भारतीय हवाई क्षेत्रातसुद्धा. इथे ऐकायची गोष्ट म्हणजे 'टेक-ऑफ' हा शब्द. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. एका विमानाचं 'आम्ही आता टेक-ऑफवर' हे बोलणं कंट्रोलरने वेगळ्या अर्थाने घेतलं होतं. त्यानंतर ठरलं, की टेक-ऑफ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. म्हणजे विमान रांगेत उभं आहे तोवर 'रेडी फॉर डिपार्चर', आणि 'क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ' मिळाल्यावर ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. एवढ्या एका शब्दावरून समोरचा अभ्यास करून आलाय की सिनेमा बघून, ते कळतं.

थोडं आतल्या इंजिनबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या. विमानावरचे फोर्सेस काढायच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एकीत आधीच तयार टेबल्स असतात : अमुक कोनाला लिफ्ट कोएफिशंट तमुक. मायक्रोसॉफ्टचे जुने सिम्युलेटर असे चालायचे. दुसरी ऑस्टिन मायरच्या एक्स-प्लेनची : पंखाचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर वारा कुठून आणि किती येतो ते काढायचं, फोर्सेस मिळवायचे आणि हे सेकंदाला अनेक वेळा करायचं. हीच ब्लेड एलिमेंट थिअरी. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर तर पूर्ण फुकट आहे आणि त्यातल्या जेएसबीसिम मॉडेलमध्ये सेसना १७२ ची सगळी टेबल्स साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेली आहेत. नोटपॅडमध्ये उघडा, आलेख काढा, स्टॉल कुठे होतो ते डोळ्यांनी बघा. आपल्या मिनी प्रोजेक्टला याहून स्वस्त विषय मिळणार नाही.

पण टेबलच्या बाहेर काय? नेहमीच्या उड्डाणाचा डेटा भरपूर असतो. विमान पूर्ण स्टॉल होऊन गडगडतं तेव्हाचा डेटा खरं विमान पाडल्याशिवाय गोळा करणं कठीण. कोट्यवधींच्या ट्रेनिंग सिम्युलेटरांचीही हीच अडचण होती. अमेरिकेच्या एफएएने २०१३ मध्ये पूर्ण स्टॉलचं प्रशिक्षण सक्तीचं करणारा नियम काढला, तो अमलात यायला २०१९ उजाडलं, कारण आधी सिम्युलेटरच सुधारावे लागले. तेव्हा घरच्या पीसीवर जम्बो स्पिनमध्ये घालून 'बघा, असं होतं' म्हणणाऱ्याला विचारा, बाबा रे, हे तुझ्या टेबलमध्ये आहे का? चांगला चॅनेलवाला आपणहून सांगतो की इथून पुढे सिम्युलेटरवर विश्वास ठेवू नका.

आणि माणूस कुठल्याच टेबलमध्ये नसतो. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांमुळे दोन्ही इंजिनं गेल्यावर कॅप्टन सलेनबर्गरने विमान हडसन नदीत उतरवलं, १५५ च्या १५५ वाचले. नंतर तपासात सिम्युलेटरवर वैमानिकांना बसवलं. पक्षी धडकल्याबरोबर ताबडतोब वळलेल्यांपैकी काहींना विमानतळ गाठता आला. पण काय झालंय ते समजून घ्यायला लागणारा वेळ म्हणून ३५ सेकंद उशीर धरल्यावर विमानतळ गाठता आला नाही. 'मी लागार्डियाला उतरवून दाखवलं' असे व्हिडिओ आजही दिसतात. त्यांच्यात हे ३५ सेकंद आहेत का, एवढंच बघायचं.

लढाऊ विमानांची आवड असेल तर डीसीएस वर्ल्डवरचे व्हिडिओ बघा. 'ग्रोलिंग साइडवाइंडर'ची डॉगफाइट्स म्हणजे एनर्जी कशी वाचवायची याचे धडेच असतात. 'ग्रिम रीपर्स' जरा 'असं झालं असतं तर' छापाचं, करमणूक म्हणून ठीक. रॉकेटवाल्यांसाठी स्कॉट मॅनली आहेतच, कर्बल स्पेस प्रोग्रॅम खेळता खेळता ऑर्बिटल मेकॅनिक्स शिकवणारे.

शोधताना 'बेस्ट', 'इन्सेन' असले शब्द टाकू नका, कामाचे शब्द टाका : 'ए-३२० कोल्ड अँड डार्क', 'आयएलएस अ‍ॅप्रोच', 'क्रॉसविंड टेक्निक', 'होल्डिंग पॅटर्न एंट्री'. चॅनेल सापडलं की पहिला व्हिडिओ न बघता प्लेलिस्ट उघडा. क्रमाने लावलेली मालिका असेल तर माणूस शिकवायला बसलाय. शेजारच्या टॅबमध्ये एफएएचं 'पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज' उघडं ठेवा, त्याची पीडीएफ फुकट आहे. भारतीय विमानतळांचे अधिकृत चार्टही विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीत मोफत मिळतात. मुंबईचा चार्ट समोर ठेवून मुंबईचं लँडिंग बघण्यात जी गंमत आहे ती सांगून कळणार नाही. रिझोल्यूशन कमी ठेवलंत तर काट्यांवरचे आकडे दिसणार नाहीत, मग पॉज करून उपयोग नाही.

आणि वेळेचं बघा. युरोपातले वैमानिक बहुतेक संध्याकाळी लाइव्ह येतात. लंडनला सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. तेव्हा सबमिशनच्या आठवड्यात आपलं रेकॉर्डिंगच बरं. पॉज दाबल्यावर कॅप्टन थांबतो, आपले सर थांबत नाहीत!